हातउसना खेळ

यंदाच्या उन्हाळ्यात पुण्याहून येणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या गाडीतून उमरखेडच्या आमच्या घरी एक खोके आले. थोरल्या पुतण्याने नवे गेमिंग कन्सोल घेतले होते आणि जुने धाकट्या भावाला पाठवले होते. खोक्यात यंत्र होते, तारा होत्या, दोन कंट्रोलर होते. खेळ मात्र एकही नव्हता. थोरल्याने तीन वर्षांत रोख पैसे मोजून घेतलेले नऊ खेळ त्याच्या खात्यावर होते आणि यंत्र पाठवण्याआधी त्याने आपले खाते रीतसर पुसून टाकले होते. खाते उसने द्यायचे तर त्याबरोबर पासवर्ड आणि बँकेचे कार्डही द्यावे लागले असते. यंत्राला डिस्क घालायची फट नव्हती. धाकटा म्हणाला, “काका, डबा आला, पण रिकामा.”

मग त्याने मला पेचात टाकले. हे यंत्र विकून आणि वर थोडी भर घालून नवे घ्यायचे, तर सोनीचे घ्यावे की मायक्रोसॉफ्टचे? खेळ एकेक विकत घ्यावा की महिन्याची वर्गणी भरावी? “तुम्ही इतिहास शिकवता ना, मग मागचं बघून सांगा.” मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली. ते आठ दिवस वाढत वाढत पावसाळ्यापर्यंत गेले. हा लेख म्हणजे त्या उत्तराची टिपणे.

या यंत्रांचा इतिहास अर्ध्या शतकाचा आहे. कोणाची चित्रे सुबक, कोणाचा वेग जास्त, कोणी कोणाला मागे टाकले यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. टिपणे काढताना मला मात्र प्रत्येक पिढीत एकच प्रश्न डोके वर काढताना दिसला. पैसे देऊन आणलेला खेळ दुसऱ्याच्या हाती देता येतो का? आपल्याकडे हातउसने म्हणून एक व्यवहार असतो. त्याला कागद लागत नाही, व्याज लागत नाही, फक्त ओळख लागते. लहान गावातला खेळ या हातउसन्या व्यवहारावरच जगला.

कॅसेटचे दिवस

जपानच्या निन्टेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिकॉम’ नावाचे यंत्र विकायला काढले. घरातल्या टीव्हीला जोडायचे आणि वरच्या खाचेत प्लास्टिकची वडी बसवायची. त्या वडीला जगात इतरत्र काहीही म्हणोत, आपल्याकडे ती ‘कॅसेट’च होती. तिच्या आत फीत नसे, एक छोटी पाटी आणि तिच्यावर ६० दाते असत.

त्याच वर्षी अमेरिकेत घरगुती व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला होता. सुमार खेळांचे पीक आले, दुकानदारांनी माल परत पाठवला आणि अटारी कंपनीने न विकलेला साठा न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो गावाच्या उकिरड्यात पुरला. त्यामुळे निन्टेंडोने १९८५ मध्ये अमेरिकेत पाऊल ठेवले ते सावधपणे. तिथल्या यंत्राच्या कॅसेटला ७२ दाते होते आणि आत कुलूप म्हणून एक वेगळी चिप होती. यंत्रातली चिप आणि कॅसेटमधली चिप यांची खूण जुळली तरच खेळ सुरू होई. कोणी खेळ बनवायचा आणि कोणी नाही, हे त्या कुलपामुळे कंपनीच्या हाती आले.

जपानच्या मूळ यंत्रात हे कुलूप नव्हते. पूर्व आशियातल्या कारखान्यांनी त्या बिनकुलपी यंत्राच्या हुबेहूब नकला काढल्या आणि त्यांतल्या काही वेगवेगळ्या नावांनी भारतात आल्या. ‘टर्मिनेटर’, ‘लिटल मास्टर’ ही नावे आज पंचेचाळिशीत असलेल्यांना आठवतील. खोक्यावरचे नाव कोणतेही असो, खाच तीच ६० दात्यांची होती. त्यामुळे एकाची कॅसेट दुसऱ्याच्या यंत्रात बसायची. कंपन्यांची स्पर्धा होती, पण ती आमच्या गल्लीपर्यंत पोचली नव्हती.

आमच्या गल्लीत असे यंत्र दोन घरी होते आणि कॅसेटी मात्र सात-आठ घरी. मारिओ एकाकडे, काँट्रा दुसऱ्याकडे, बंदुकीने बदके टिपायचा खेळ तिसऱ्याकडे. कॅसेट चालली नाही की दात्यांवर फुंकर मारायची, शर्टाला पुसायची आणि पुन्हा दाबून बसवायची. बहुतेक खेळांत पुढे गेलेला डाव जपून ठेवायची सोय नव्हती. वीज गेली की सगळा पराक्रम शून्यावर येई, आणि उमरखेडात वीज जायला कारण लागत नसे. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा सगळा मजकूर ४० किलोबाइटमध्ये मावत होता. आज मोबाइलवर येणारे दिवाळीचे एक शुभेच्छाचित्रही त्याहून जड असते. एवढासा खेळ, पण तो हातातून हातात जात होता, म्हणून एका कॅसेटवर दहा पोरे खेळत होती.

अधिकृत यंत्र मागवून पाहण्याचा प्रयत्नही झाला. नव्वदच्या दशकाच्या मध्यात सेगा कंपनीने भारतात शॉ वॉलेसशी हातमिळवणी केली. मद्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या कंपनीकडून खेळणी विकली गेली, याचे कारण आयात कराचे होते. तरीही किंमत अठरा हजारांच्या घरात गेली. त्या काळी अनेक शिक्षकांचे तीन-चार महिन्यांचे पगार त्यात गेले असते. आमच्यासारख्या गावांनी ते यंत्र पाहिलेही नाही.

भाड्यावरून झालेले भांडण

व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्याने आणून अंगणात तीन सिनेमे पाहणाऱ्या पिढीला भाड्याचे नवल नाही. व्हिडिओ गेमही लवकरच तासावर मिळू लागला. बाकावर बसायचे, पैसे आधी द्यायचे आणि घड्याळ पार्लरवाल्याच्या मनगटावर.

दूर अमेरिकेत मात्र याच भाड्यावरून कंपन्यांचे डोके फिरले होते. ब्लॉकबस्टर ही सिनेमाच्या कॅसेटी भाड्याने देणारी दुकानांची साखळी खेळांच्या कॅसेटीही देऊ लागली. एक खेळ पन्नास जणांनी खेळला तर विकला एकच गेला, असा निन्टेंडोचा हिशेब. भाडे थांबवण्यासाठी कायदा हाताशी नव्हता, म्हणून १९८९ मध्ये कंपनीने निराळी वाट काढली. दुकाने खेळासोबतच्या माहितीपुस्तिकेच्या छायाप्रती काढून देतात, यावर तिने खटला भरला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत संगणकाचे सॉफ्टवेअर भाड्याने देण्यावर कायद्याने बंदी आली, पण कन्सोलच्या कॅसेटी त्या बंदीतून वगळल्या गेल्या. जपानमध्ये उलटे घडले. तिथे खेळ भाड्याने देता येत नव्हते, पण वापरलेला खेळ विकण्याचा ग्राहकाचा आणि दुकानदाराचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये मान्य केला.

थोडक्यात, भाडे म्हणजे आपल्या धंद्याला लागलेली वाळवी अशी त्या वेळी खेळ बनवणाऱ्यांची समजूत होती. हे लक्षात ठेवावे, कारण पंचवीस-तीस वर्षांनी हेच लोक भाड्याचे दुकान मांडून बसणार होते.

मधल्या काळात कॅसेट गेली आणि डिस्क आली. सोनीचे पहिले प्लेस्टेशन डिसेंबर १९९४ चे, दुसरे मार्च २००० चे. हे दुसरे, म्हणजे ‘पीएस-२’, भारतात फार वर्षे टिकले. त्याचे एक कारण सांगायला अवघड असले तरी सांगितले पाहिजे. यंत्रात एक चिप डकवून घेतली की नकली डिस्कही चालत असे आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून जिल्ह्याच्या बाजारापर्यंत अशा डिस्कांचे ढीग होते. ती चोरीच होती. पण कोणते यंत्र घ्यायचे हा निर्णय बहुतेक घरांनी त्या ढिगाकडे पाहूनच घेतला. खरी डिस्क असो वा खोटी, ती मित्राला देता येत होती. पीएस-२ चे मेमरी कार्ड अवघ्या ८ मेगाबाइटचे होते. ते खिशात घालून पोरगे मित्राच्या घरी जाई आणि आपला अर्धवट डाव तिथे पुढे चालू करी.

बावीस सेकंद

या इतिहासातला निर्णायक प्रसंग २०१३ च्या मे-जून महिन्यांतला आहे. २१ मे रोजी मायक्रोसॉफ्टने ‘एक्सबॉक्स वन’ जगापुढे मांडले आणि पुढच्या पंधरवड्यात त्याचे नियम बाहेर आले. यंत्राने दर २४ तासांनी इंटरनेटवरून कंपनीकडे हजेरी लावायची. विकत घेतलेला खेळ मित्राला द्यायचा तर तो निदान ३० दिवस तुमच्या यादीतला मित्र असला पाहिजे, आणि एक खेळ एकदाच देता येईल. म्हणजे मैत्रीलाही मुदत आणि उसन्यालाही शिक्का.

१० जून रोजी लॉस एंजेलिसमध्ये सोनीने ‘पीएस-४’ चे नियम जाहीर केले आणि सोबत २२ सेकंदांची एक चित्रफीत सोडली. प्लेस्टेशनवर खेळ दुसऱ्याला कसा द्यावा, याची ती शिकवणी होती. पडद्यावर ‘पहिली पायरी’ असे येते आणि एक अधिकारी हातातली डिस्क शेजारच्याला देतो. तो आभार मानतो. संपले. दुसरी पायरीच नाही.

लोक हसले आणि मायक्रोसॉफ्टला कळायचे ते कळले. १९ जून रोजी कंपनीने ते नियम मागे घेतले. पण व्हायचे नुकसान होऊन गेले होते. अमेरिकेत पीएस-४ ची किंमत १०० डॉलरने कमी होती, हेही खरे. तरी ती पिढी सोनीची ठरली, यात त्या बावीस सेकंदांचा वाटा कोणी नाकारत नाही. भारतात पीएस-४ जानेवारी २०१४ मध्ये आले आणि एक्सबॉक्स वन त्याच वर्षीच्या सप्टेंबरात.

गंमत अशी की ज्या गोष्टीवरून मायक्रोसॉफ्ट हरले, तीच पुढे दोघांनीही आणली, फक्त हळूहळू आणि ग्राहकाच्या संमतीने. नोव्हेंबर २०२० मध्ये नवी पिढी आली. मायक्रोसॉफ्टच्या ‘सिरीज एस’ला डिस्कची फट नव्हती आणि भारतात ते ३४,९९० रुपयांना होते. फट असलेले ‘सिरीज एक्स’ ४९,९९० रुपयांना. सोनीचे पीएस-५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आले. फट असलेले ४९,९९० आणि बिनफटीचे ३९,९९०. दहा-पंधरा हजार वाचतात म्हणून घराघरांतून बिनफटीची यंत्रे आली. जाहीर सभेत जो नियम लोकांनी झिडकारला, तोच सवलत म्हणून त्यांनी घरी आणला. आमच्या थोरल्यानेही तेच केले होते.

वर्गणी

आता वर्गणीकडे वळू. मायक्रोसॉफ्टने जून २०१७ मध्ये ‘गेम पास’ सुरू केला. महिन्याचे पैसे भरा आणि शेकडो खेळांच्या कपाटातून हवा तो खेळा. सोनीची ‘प्लेस्टेशन प्लस’ ही वर्गणी २०१० पासून होती. जून २०२२ मध्ये तिचे भारतात तीन दर्जे झाले. मधल्या दर्जाची वर्षाची वर्गणी ४,९९९ रुपये होती आणि सोनीच्या एका नव्या मोठ्या खेळाची किंमतही तेवढीच. एका खेळाच्या पैशांत वर्षभर कपाट उघडे. हिशेबाला यापेक्षा सोपे काय असते?

वर्गणी हा शब्द महाराष्ट्रात परका नाही. गणपतीची असते, तशीच वाचनालयाचीही. हा अंक तुमच्या हाती आहे तोही कदाचित वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेतून आला असेल. एकदा ठरावीक रक्कम भरायची आणि संक्रांतीपर्यंत पन्नास अंक वाचून काढायचे. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हे अंक विकत घेणाऱ्यांपेक्षा मागून वाचणारे अधिक, असे संपादक कुरकुरत आले आहेत. आणि मागून वाचणाऱ्यांनीच ही परंपरा शंभर वर्षे टिकवली.

वर्गणीने बनवणाऱ्यांचेही भले होऊ शकते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा खेळ केला. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभारायचा त्यांचा प्रयत्न फसला होता. खेळ अखेर २०२० मध्ये बाहेर आला आणि पुढच्या वर्षी गेम पासच्या कपाटातही गेला. भारतीय पुराणकथांवरचा अनोळखी खेळ परक्या मुलखातल्या कोणी पैसे देऊन घेतला असता का, सांगता येत नाही. कपाटात फुकट दिसला तर तो उघडून तरी पाहील.

पण वाचनालय आणि हे कपाट यांत मोठा फरक आहे. वाचनालयाची वर्गणी थकली तर पुस्तक घरी आणता येत नाही, एवढेच. पुस्तक गावातच असते. उद्या पैसे भरले की तेच पुस्तक, त्याच पानाच्या दुमडीसह मिळते. इथे कपाटच गावात नाही. त्यातला खेळ कधी काढायचा हे दुसरेच लोक ठरवतात. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ हा गाजलेला खेळ गेम पासमध्ये जानेवारी २०२० मध्ये आला, मे महिन्यात गेला. एप्रिल २०२१ मध्ये परत आला, ऑगस्टमध्ये पुन्हा गेला.

दर ठरवणेही त्यांच्याच हाती. गेम पासचा सर्वांत वरचा दर्जा काही वर्षांपूर्वी भारतात महिना ४९९ रुपयांना होता. २०२३ मध्ये तो ५४९ झाला, २०२४ मध्ये ८२९ आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये १,३८९. वर्षाचे झाले १६,६६८ रुपये. ज्या कंपनीच्या बाजूने २०२२ चा हिशेब लागत होता, तिच्या विरुद्ध तो २०२५ मध्ये लागतो. कन्सोल सात-आठ वर्षे चालते. वर्गणीचा आजचा दर पाहून त्याची निवड करणे म्हणजे पहिला पाऊस पाहून वर्षाचे पीक मोजणे.

पैनगंगेकाठचा भाडेपट्टा

खेळ विकत घेतला म्हणजे तरी तो आपला होतो का, या प्रश्नाशी मी अडलो आणि मला आमच्या गावाचाच इतिहास आठवला. उमरखेड तालुक्याच्या दक्षिणेला पैनगंगा वाहते. अलीकडे वऱ्हाड, पलीकडे निजामाचा मुलूख. वऱ्हाडही मुळात निजामाचाच. १८५३ च्या तहाने तो इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने तो वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या भाडेपट्ट्याने घेतला. करारात निजामाचे सार्वभौमत्व मान्य केलेले होते. कागदावर वऱ्हाड निजामाचा, पण सारा गोळा करणारा, न्याय देणारा आणि कायदा करणारा इंग्रज. मालकी आणि ताबा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या पणजोबांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

डिजिटल दुकानात ‘विकत घ्या’ असे बटण असते. ते दाबून जे मिळते तो परवाना असतो, आणि तो काढून घेता येतो. युबिसॉफ्टच्या ‘द क्रू’ या मोटारशर्यतीच्या खेळाचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाले. तो इंटरनेटशिवाय चालतच नसल्याने पैसे भरून घेतलेल्यांनाही तो उघडता येईना. कपाटातली डिस्कसुद्धा निकामी झाली. त्यातून युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली आणि तिच्या अर्जावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्नियाने कायदा केला, तो १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. ग्राहकाला मिळतो तो परवाना आहे, हे सांगितल्याशिवाय दुकानाला ‘विकत घ्या’ म्हणता येत नाही.

इतिहासाच्या माणसाला बोचणारी गोष्ट आणखी पुढची आहे. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी करून सांगितले की, २०१० पूर्वी तिथे निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. जे उरले आहेत त्यांतले पुष्कळ कोणाच्या तरी माळ्यावरच्या कॅसेटींत आणि डिस्कांत उरले आहेत. जुनी हस्तलिखिते बस्त्यांत बांधून घराघरांत राहिली, तसेच हे. जी वस्तू घराघरांत विखुरते ती टिकते. एकाच कोठारात ठेवलेली वस्तू कोठारवाल्याच्या मर्जीवर जगते.

निजामाला निदान वर्षाला २५ लाख मिळत होते. इथे भाडे आपणच भरायचे आणि मुलूखही आपला नाही.

उत्तर

श्रावण संपता संपता मी धाकट्याला माझे उत्तर सांगितले. सोनी की मायक्रोसॉफ्ट, हा प्रश्न तिसरा. पहिला प्रश्न, यंत्राला फट आहे का? यापुढे ती गृहीत धरता येणार नाही. सोनीचे महागडे ‘पीएस-५ प्रो’ नोव्हेंबर २०२४ मध्ये बिनफटीचेच आले. वायफायच्या लहरींच्या परवानगीअभावी ते त्या वेळी भारतात विकले गेले नाही, ही गोष्ट वेगळी. निन्टेंडोच्या २०२५ च्या ‘स्विच-२’ साठी तर अशा वड्याही निघाल्या आहेत की ज्यांच्यात खेळ नसतो, फक्त खेळ उतरवून घ्यायची किल्ली असते. चाळीस वर्षांपूर्वीच्या कुलपातून शेवटी नुसती किल्ली उरली. दुसरा प्रश्न, तुझ्या मित्रांकडे काय आहे? ज्याच्याशी डिस्क बदलता येईल तो पुसदचा किंवा हदगावचा मित्र हीच तुझी खरी वर्गणी. वर्गणी भरायचीच तर दिवाळीच्या सुट्टीपुरती महिनाभर भर, कपाट चाळ, आवडलेला एखादा खेळ डिस्कवर घे आणि वर्गणी थांबव.

त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, “पण काका, माझे अर्धे मित्र मोबाइलवर खेळतात. त्यांच्याशी काय बदलू?” याचे उत्तर माझ्या टिपणांत नव्हते. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि खेळ प्रत्येकाच्या खिशात गेला, पण तो एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जात नाही. एका कॅसेटवर दहा पोरे खेळायची, तिथे आता दहा पोरांचे दहा पडदे आहेत. मी म्हटले, “त्यांना घरी बोलाव. दुसरा कंट्रोलर कशाला दिलाय?”

पितृपक्षाआधी त्याने फट असलेले, वापरलेले यंत्र घेतले. पुसदच्या मामेभावाकडे ज्या कंपनीचे होते त्याच कंपनीचे. सोबत एकच डिस्क आणली, क्रिकेटची. पहिल्या रविवारी सहा जण आले, आळीपाळीने खेळले आणि संध्याकाळी मामेभाऊ ती डिस्क घेऊन पुसदला गेला. घटस्थापना झाली, दसरा झाला. धाकटा रोज फोन करून तगादा लावतो आणि मामेभाऊ रोज उद्याचा वायदा करतो.

डिस्क अजून परत आलेली नाही.